सहासष्टचा ताप

मराठीत उष्णता, आजार आणि वैताग हे तिन्ही एका ‘ताप’ शब्दात मावतात. ज्याने कोणी ही सोय केली, त्याने घरी बिअर करून पाहिली असावी.

कृती सांगायला सोपी आहे. भरडलेलं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, गरम पाण्यात कालवायचं आणि तो लगदा, म्हणजे मॅश, तासभर ६६ अंशांवर ठेवायचा. तेवढ्यात दाण्यातले एन्झाइम स्टार्चची साखर करतात. त्यांत दोन भाऊ मुख्य. बीटा अमायलेजला ६२ ते ६५ च्या आसपास काम सुचतं आणि तो यीस्टला सहज पचेल अशी साखर करतो. अल्फा अमायलेजला सत्तरीच्या आसपास हुरूप येतो, पण त्याच्या हातचं बरंचसं यीस्टला पचत नाही, म्हणून बिअर अंगाने भरते. ६६ ही दोघा भावांमधली तडजोड. सत्तरी ओलांडली की बीटा काही मिनिटांत कायमचा आडवा होतो. मागाहून कितीही गार करा, उठत नाही.

गॅसवर करत होतो तेव्हा यातलं काहीच मला ठाऊक नव्हतं. काचेचा थर्मामीटर बुडवायचा, ‘असेल पासष्ट-सदुसष्ट’ म्हणायचं, भांड्याला जुनी रजाई गुंडाळायची आणि जाऊन झोपायचं. बिअर व्हायची. झोपही व्हायची.

मग मी विजेवर आलो. तीस लिटरचं भांडं, तळाशी दोन हजार वॅटचं एलिमेंट, त्याच्या वर दाण्यांची जाळीदार टोपली, खालचं पाणी उचलून वर सोडणारा पंप, आणि या सगळ्यावर लाल आकड्यांचा पीआयडी कंट्रोलर, म्हणजे तापमान बघून एलिमेंटची वीज कमी-जास्त करणारी डबी. त्या लाल आकड्यात टिंबानंतर एक अंक होता. माझं आयुष्य नासलं ते त्या टिंबापासून. ६५.८ दिसलं की वाटायचं, बीटाचं जरा जास्तच ऐकलं जातंय. ६६.३ दिसलं की त्याच्या जिवाची काळजी.

पीआयडी ही मूळची जहाजांची विद्या. जहाज ठरल्या दिशेवर कसं ठेवावं, याचं गणित निकोलस मिनोर्स्की यांनी १९२२ साली मांडलं, ते यातलंच. आता चूक किती आहे हे पी बघतो, आजवर किती साठली आहे हे आय बघतो आणि पुढे किती वेगाने बदलेल हे डी बघतो. वर्तमान, भूत आणि भविष्य एका डबीत. यातला आय फार आकसखोर. मॅश बराच वेळ थंड राहिला की तो सगळी बाकी मांडून ठेवतो आणि ६६ गाठल्यावरही जुनी वसुली चालू ठेवतो. त्यात मी कंट्रोलरचं ऑटोट्यून, म्हणजे भांडं कसं तापतं हे त्याने स्वतःच शिकून घेणं, नुसत्या पाण्यावर उरकलं होतं. पाणी ऊन लागताच सांगतं. दाण्यांचा थर सरकारी फायलीसारखा, खालची बातमी वर पोहोचायला वेळ लागतो.

कंट्रोलरला तापमान कळवणारा प्रोब मी ठेवला होता त्या थराच्या बरोबर मध्यभागी. हिशेबाने माझ्या मॅशला एक अंश चढायला पाऊण मिनिट पुरतं, पण प्रोबला ते कळायला त्याहून कितीतरी जास्त. आकडा ६४ वर बसून होता आणि एलिमेंट खाली इमानदारीने भाजत होतं. मग ६५, ६६ आणि कोणालाही न विचारता ७२. कंट्रोलरने वीज केव्हाच तोडली होती, आकडा चढतच होता. तापवायला माझ्याकडे दोन हजार वॅट होते. गार करायला फक्त पश्चात्ताप. त्या खेपेची बिअर इतकी जड आणि गोड झाली, की ग्लास उचलताना कोपर टेकवावं लागे.

म्हणून पुढच्या खेपेला प्रोब थेट तळाशी, एलिमेंटच्या शेजारी नेऊन बसवला. बातमी जिथे घडते तिथेच वार्ताहर. परिणाम अवाक करणारा होता. पहिली वीस मिनिटं आकडा थोडा नाचला, मग ६६.० वर असा थबकला, की हलेना. अर्धा तास ६६.०! मी बायकोला हाक मारली. ती आली, आकड्याकडे बघून म्हणाली, ‘‘छान आहे.’’ मग जरा थांबून, ‘‘अहो, पण मघाशी ती घरघर चालली होती ना? ती कधी बंद झाली?’’

माणसाला घरघर लागली की लोक आशा सोडतात. पंपाचं उलटं आहे. घरघर थांबली की संपलं. भुश्शाचा एक तुकडा पंपात अडकला होता. अर्धा तास एलिमेंट आणि प्रोब तळाशी एकमेकांना ‘मी ठीक, तू ठीक?’ असं विचारत बसले होते. वरच्या थरात जुना काचेचा थर्मामीटर खुपसला, तर ५९.

उष्णतेवरच्या कामासाठी ज्याचं नाव ऊर्जेच्या एककाला दिलं, तो जेम्स जूल बिअर कारखानदाराचा मुलगा होता आणि त्याने अंशाच्या बारीकशा फरकांसाठी वर्षं घालवली. पूर्वी मला याचं नवल वाटायचं. आता वाटतं, घरात दुसरं काही बोलणंच होत नसेल.

ती बिअर इतकी पातळ उतरली, की बायकोने एक घोट घेऊन ‘‘पाणी नको का टाकायला?’’ ऐवजी ‘‘टाकलं का?’’ असं विचारलं.

हल्ली प्रोब पंपाच्या बाहेर पडणाऱ्या नळीत आहे, नळी बाहेरून गुंडाळलेली आहे, पंपाचा वेग कमी केला आहे आणि काचेचा थर्मामीटर वरच्या थरात कायमचा रोवलेला आहे. दोघांत सव्वा अंशाचा फरक दिसतो. बर्फाच्या पाण्यात दोघेही शून्य दाखवतात, म्हणजे कोणीच खोटं बोलत नाही. मी दोघांच्या मधोमध खुर्ची टाकून बसतो. दर दहा मिनिटांनी आतून हाक येते, ‘‘चालू आहे हो घरघर, ऐकू येतेय!’’