बटणे टाचून देणारे गाव

बेल्जियममधील गील या गावात एक मनुष्य दिवसभरात आपल्या सदऱ्याची सगळी बटणे पिळून तोडून टाकत असे आणि तो ज्या कुटुंबात राहत असे, त्या घरची बाई रोज रात्री बसून ती बटणे पुन्हा टाचून देत असे. 1970 च्या दशकात तेथे अभ्यासासाठी जाऊन राहिलेल्या एलन बॅक्सटर या अमेरिकन तरुणीने तिला सुचवले, की साध्या दोऱ्याऐवजी मासे धरण्याच्या गळाची चिवट दोरी वापरा, म्हणजे बटणे तुटायची नाहीत. त्या बाईने ही सूचना साफ नाकारली. बटणे तोडणे ही त्या माणसाची गरज आहे, त्याने त्याला बरे वाटते, तेव्हा असला दोरा मी कधीच वापरणार नाही, असे तिचे म्हणणे होते.

जगभरच्या विलक्षण जीवनकथा आपण आवडीने वाचतो, दोन क्षण थक्क होतो आणि पुढे पाठवून देतो. गीलची कथाही अशीच अधूनमधून फिरत असते. मला ती केवळ थक्क होण्यापुरती वाटत नाही, कारण ज्या प्रश्नाचे उत्तर त्या गावाने शोधले तो प्रश्न नागपुरातल्या कितीतरी घरांत आतल्या खोलीचे दार लोटून ठेवलेला आहे. ज्याचे मन आजारी आहे आणि बहुधा पूर्ण बरे होणारही नाही, अशा माणसाने राहायचे कोठे आणि दिवसभर करायचे काय, हा तो प्रश्न.

गीलमध्ये हे सुरू झाले ते तेराव्या शतकात. डिंफ्ना नावाची आयरिश राजकन्या, वेडाच्या भरात तिच्या मागे लागलेला तिचा बाप आणि गीलमध्ये त्याच्याच हातून झालेला तिचा वध, अशी तेथील आख्यायिका आहे. ती मनोरुग्णांची संत मानली गेली आणि लोक आपल्या आजारी माणसांना घेऊन तिच्या चर्चमध्ये येऊ लागले. चर्चलगतच्या खोल्या अपुऱ्या पडल्या, तेव्हा आलेल्यांना गावकऱ्यांनी आपापल्या घरी ठेवून घेतले आणि त्यांतले कित्येक परत गेलेच नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ही व्यवस्था सरकारच्या देखरेखीखाली आली आणि पुढे गावातच रुग्णालय झाले. 1930 च्या दशकाच्या अखेरीस तेथे घरोघरी राहणाऱ्या अशा माणसांची संख्या साडेतीन हजारांच्या वर गेली होती. युरोपात या गावाचे नाव एवढे झाले होते, की चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉगच्या वडिलांनीही 1880 मध्ये आपल्या मुलाला गीलला पाठवण्याचा विचार केला होता.

मला सर्वांत मोलाची वाटते ती या व्यवस्थेची रोजची घडण. घरी येणाऱ्या माणसाला तेथे रुग्ण म्हणत नाहीत. तो त्या घरचा निवासी असतो. त्याच्या आजाराचे नाव यजमान कुटुंबाला सांगण्याची पद्धत परंपरेने नव्हती, त्यामुळे कुटुंब रोगाकडे न पाहता समोरच्या माणसाकडे पाहत असे. तो शेतात, गोठ्यात किंवा स्वयंपाकघरात झेपेल तेवढे काम करी. कोणाला कोणत्या घरी ठेवायचे हे रुग्णालयातील मंडळी पारखून ठरवतात, परिचारिका घरी येऊन जातात, प्रकृती बिघडल्यास त्याला काही काळ रुग्णालयात परत नेता येते आणि कुटुंबाला सरकारकडून मानधन मिळते. एकेक निवासी पाच-पाच दशके एकाच घरी राहिल्याची उदाहरणे आहेत. यजमान नवरा-बायको म्हातारे होऊन वारले, तर त्यांची मुले त्याला सांभाळतात, कारण त्यांनी त्याला लहानपणापासून घरातच पाहिलेले असते.

हे वाचून पुष्कळ जण म्हणतात, की तेथे देवमाणसे राहतात. हा शब्द मला पटत नाही. त्यांना देवमाणसे म्हटले, की आपण साधी माणसे म्हणून मोकळे होतो. ज्याने घरात असा आजार सांभाळला आहे त्याला ठाऊक आहे, की नुसत्या दयेवर एखादा महिना निघतो. त्यापुढे झोप उडते, पैसा सरतो आणि माया आटते. सातशे वर्षे टिकले ते दयेमागे उभ्या राहिलेल्या व्यवस्थेमुळे, आणि व्यवस्था साध्या माणसांनाही उभारता येते.

आपल्याकडे असे काही नव्हतेच, असेही नाही. नागपूरच्या महाल भागात आमच्या घरासमोरच्या किराणा दुकानाच्या ओट्यावर एक गृहस्थ दिवसभर बसत. ते स्वतःशीच बोलत, मध्येच मोठ्याने कोणाला तरी दटावत. गल्लीतील लहान मुलेसुद्धा त्यांना भाऊच म्हणत. दुकानदार सकाळी त्यांच्यापुढे रद्दीचा गठ्ठा आणि खळीची वाटी ठेवी आणि ते कागदी पुडे चिकटवत बसत. वर्तमानपत्रातील छायाचित्रात कोणाचा चेहरा असेल, तर त्यावरून ते कात्री चालवीत नसत. चेहरा अख्खा राहील अशा बेताने पान कापल्यामुळे काही पुडे फार लहान, तर काही भलत्याच आकाराचे होत. दुकानदार ते बाजूला काढी आणि त्यांत मोहरी, ओवा, विलायची असा थोडा थोडा जिन्नस भरी. संध्याकाळी तो भाऊंच्या हातावर मजुरी ठेवी. पुढे प्लास्टिकच्या पिशव्या आल्या, दुकान मुलांकडे गेले, त्याचे मोबाइलचे दुकान झाले आणि ओटाही राहिला नाही. भाऊ घरात बसू लागले. पुतणीचे लग्न जमवायचे होते, तेव्हा पाहुण्यांच्या नजरेस पडू नयेत म्हणून त्यांना गावाकडे धाडण्यात आले. त्यांच्या घरच्यांना मी दुष्ट म्हणणार नाही. तो ओटा गेला तेव्हा त्यांच्याही पाठीमागचा आधार गेला होता.

याच शहरात ताजुद्दीन बाबांचा दर्गा आहे. कामठीत 1861 मध्ये जन्मलेल्या, फौजेतली नोकरी सोडून भटकणाऱ्या या फकिराला लोकांनी वेडा ठरवले आणि 1892 मध्ये त्यांची रवानगी नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात झाली. सुमारे सोळा वर्षे ते तेथे होते. दर्शनासाठी लोक तेथेही जात राहिले. शेवटी राजे रघुजीराव भोसले यांनी 1908 मध्ये स्वतः हमी घेऊन त्यांना बाहेर आणले आणि शक्करदऱ्याच्या आपल्या वाड्यात ठेवले. भक्तांची श्रद्धा तिच्या जागी आहे, तिला मी हात लावत नाही. मला महत्त्वाचे वाटते ते एवढेच, की समाजाने ज्याच्यावर शिक्का मारून भिंतीआड ठेवले होते त्याच्यासाठी एका माणसाने जबाबदारी लिहून दिली आणि आपल्या घराचे दार उघडले. ताजबागेतील त्यांच्या दर्ग्यावर उरुसाला सर्व धर्मांचे लोक लोटतात. त्या गर्दीतील किती जण आपल्या घरच्या आजाऱ्याबद्दल शेजाऱ्याशी उघडपणे बोलू शकत असतील?

बोलता येणे ही साधी बाब नव्हे. 1950 च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकले आणि रुग्णाबरोबर त्याच्या नातेवाइकांनाही तेथे राहायला बोलावले. वॉर्डांत दाटी होती हे त्यामागचे एक कारण होते. पण झाले असे, की आजार म्हणजे काय, औषध का चुकवायचे नाही, हे घरचे लोक डॉक्टरांकडून आणि एकमेकांकडून शिकले, आपल्यासारखी आणखी शेकडो घरे आहेत हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि आपले माणूस ते परत घरी घेऊन गेले.

झिंबाब्वेमध्ये अडचण अंतराची होती. हरारेमधील मनोविकारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांच्या एका तरुण रुग्ण मुलीने आत्महत्या केली. रुग्णालयापर्यंत येण्यासाठी बसचे भाडे नव्हते, असे तिच्या आईने त्यांना सांगितले. त्यानंतर 2006 पासून त्यांनी वस्तीतील आजीबाईंना ऐकून घेण्याचे आणि अडचणीतून वाट काढायला मदत करण्याचे रीतसर शिक्षण दिले आणि दवाखान्याच्या आवारातील लाकडी बाकावर बसवले. सुरुवातीला अशा चौदा आज्या होत्या. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत असे दिसले, की बाकावर आलेल्यांचे नैराश्य आणि चिंता नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा सहा महिन्यांनंतर स्पष्टपणे कमी होती. विदर्भाच्या टोकावरच्या सिरोंच्याहून किंवा धारणीहून आजारी माणसाला घेऊन नागपूरला येणाऱ्या बापाच्या खिशाचा विचार केला, तर हरारेचा बाक विदर्भापासून दूर वाटत नाही.

गील आता पूर्वीचे राहिलेले नाही, हेही सांगितले पाहिजे. शेती घटली, बायका नोकरीला जाऊ लागल्या, घरे दिवसभर रिकामी राहू लागली आणि निवाशांची संख्या दोनशेच्याही खाली आली. नागपुरातल्या बेसा किंवा मनीषनगरच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये कोणी परक्या मनोरुग्णाला आणून ठेवावे, असे म्हणणे मला शक्यच वाटत नाही. माझा आग्रह आपल्याच माणसांपुरता आहे. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा स्पष्ट सांगतो, की केवळ घरचे स्वीकारत नाहीत किंवा राहायला घर नाही एवढ्याच कारणाने कोणालाही मनोरुग्णालयात ठेवून घेता येणार नाही आणि बाहेर राहण्याची सोय करण्याची जबाबदारी शासनाची आहे. ती सोय कशी असावी हे आपण नागरिकांनी सांगितल्याशिवाय कोणी सांगणार नाही.

नागपूर महापालिकेचे दहा झोन आहेत. प्रत्येक झोनमध्ये एक असे दिवसभराचे केंद्र असावे, जेथे घरच्या माणसाला सकाळी दहाला सोडता येईल आणि संध्याकाळी पाचला परत नेता येईल. तेथे पुडे चिकटवण्याइतके का होईना, काम असावे आणि त्या कामाची मजुरी त्याच्याच हातात पडावी. आठवड्यातून एकदा डॉक्टर यावेत आणि त्या दिवशी नातेवाइकांनीही बसावे. या आशयाचे निवेदन मी तयार करत आहे. ज्यांच्या घरी असे माणूस आहे आणि ज्यांना नाव न देता का होईना, या निवेदनात आपली गरज नोंदवायची आहे, त्यांनी मला खासगी संदेश पाठवावा.