‘ब्लडी’त मेरीमाता कुठून आली?

‘ब्लडी’ म्हणजे मुळात ‘बाय अवर लेडी’, मेरीमातेची शपथ, घाईत बोलून बोलून तिचं ‘ब्लडी’ झालं. म्हणून तो ईश्वरनिंदेचा शब्द. आणि इंग्रजांनी तो खास हिंदुस्थानी माणसांसाठी वापरात आणला. हा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरत होता तोवर सोडून दिलं. आता भाच्याच्या क्लासमध्ये इंग्रजीच्या बाईंनी तो वहीत उतरवून दिलाय!

अहो, ‘ब्लडी’ सरळ ‘ब्लड’वरून आलाय. ‘रक्ताळलेला’ या अर्थाने तो इंग्रजीत हजारेक वर्षं आहे. जोर द्यायला तो १६७६ सालच्या इथरेजच्या ‘द मॅन ऑफ मोड’ नाटकात सापडतो: ‘ब्लडी ड्रंक’. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या पहिल्या आवृत्तीने यावर सावधपणे लिहिलंय की उगम पक्का सांगता येत नाही, पण त्या काळी ‘ब्लड’ म्हणवणारी उंडगी सरदारपोरं होती, त्यांच्याइतका झिंगलेला तो ‘ब्लडी ड्रंक’ असावा. रक्त, भीती असल्या गोष्टी जोर द्यायला कामी येतातच. आपण नाही ‘भयंकर गोड’ म्हणत?

बरं, ‘बायर लेडी’ (‘बाय अवर लेडी’चंच आखूड रूप) ही शपथ होती, हे मान्य. शेक्सपिअरच्या नाटकांत ती आहे. ‘गलिव्हर’ लिहिणाऱ्या स्विफ्टने तर थंडीलाही ‘बायर लेडी कोल्ड’ म्हटलंय. पण त्याच स्विफ्टने १७११ मध्ये उन्हातून चालून आल्यावर ‘ब्लडी हॉट’ असंही लिहिलंय. एकाच माणसाच्या लेखणीत दोन्ही शब्द धडधाकट असताना एक झिजून दुसरा झाला हे कशावरून?

ईश्वरनिंदेचं म्हणाल तर हा स्विफ्ट स्वतः धर्मोपदेशक, आणि लिहितोय मैत्रिणीला. शब्द बदनाम झाला तो पुढे, खालच्या वर्गाची बोली म्हणून. १९१४ मध्ये लंडनच्या रंगमंचावर शॉच्या ‘पिग्मॅलियन’ नाटकातली फुलं विकणारी एलायझा ‘नॉट ब्लडी लाइकली’ म्हणाली तेव्हा गहजब झाला खरा, पण सेन्सॉरने ते वाक्य पास केलं होतं.

आणि हिंदुस्थानी माणसांसाठी? १६७६ मध्ये शिवराज्याभिषेकाला दोन वर्षं झाली होती. कंपनीकडे मुंबई, मद्रास आणि काही वखारी, बस्स. तिकडे लंडनच्या नाटकातली माणसं आपसातच दारूवरून ‘ब्लडी’ म्हणत होती. बाईंनी निदान साल तरी बघायचं.