तोट्यातला संघ म्हणजे नेमका किती तोटा?

विद्यापीठांनी ‘कमावत नाहीत ते खेळ बंद करावेत, पैसा (अमेरिकन) फुटबॉलला द्यावा’ असं एका लेखात वाचलं. हे गणित अमेरिकेत लगेच अडतं. एनसीएए ही तिथल्या कॉलेज खेळांची नियामक संघटना. तिच्या एफबीएस या सर्वांत वरच्या गटात फुटबॉल खेळायचं तर विद्यापीठाला किमान 16 खेळांचे संघ ठेवावेच लागतात. त्यात क्रॉस-कंट्री (मोकळ्या रानातली लांब धाव), इनडोअर ट्रॅक आणि आउटडोअर ट्रॅक (बंदिस्त आणि उघड्या मैदानावरचं अॅथलेटिक्स) हे तीन वेगळे खेळ मोजले जातात, आणि लांब पल्ल्याचे तेच धावपटू तिन्हीकडे पळतात. सोळाचा आकडा गाठायला याहून स्वस्त वाट नाही, तरी कात्री आधी तिथेच लावायची हौस!

दुसरं, शिष्यवृत्ती हा बराचसा कागदी खर्च. क्रीडा विभाग खेळाडूची फी विद्यापीठालाच भरतो, म्हणजे पैसा विद्यापीठाच्याच एका खिशातून दुसऱ्यात जातो. 2025 पूर्वीच्या नियमात बेसबॉलला 11.7 पूर्ण शिष्यवृत्त्यांएवढा पैसा होता, तो त्याहून बऱ्याच जास्त खेळाडूंत तुकड्यातुकड्यांनी वाटायचा. उरलेली फी खेळाडूंच्या घरून यायची. संघ बंद केला की ही फीही गेली, पण ताळेबंदात ती क्रीडा विभागाच्या खात्यावर दिसतच नाही. प्रवास, प्रशिक्षकांचे पगार आणि मैदानाची देखभाल, खरी बचत एवढीच.

स्टॅनफर्ड विद्यापीठाने 2020 मध्ये 11 खेळ बंद करायचं जाहीर केलं आणि 2021 मध्ये निर्णय मागे घेतला, हेही लेखात यायला हवं होतं.