‘भेटायला गेल्याने कुणाला काही होत नाही’ या फॉरवर्डला एका सिस्टरचं उत्तर

माझ्या माहेरच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर आणि शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर, तिन्हीकडे या आठवड्यात एकच मेसेज आलाय. कुणी लिहिलाय त्याचा पत्ता नाही, वर फक्त "प्रत्येक घरात पोचवा" असं आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की साथ आली म्हणून हॉस्पिटलवाले भेटी बंद करतात ते सगळं नाटक, भेटायला येणाऱ्यांमुळे कुणाला काही होत नाही, आत काय चाललंय ते नातेवाइकांना दिसू नये म्हणून हे नियम. आणि मग सल्ले, खिशात कापूर-वेलचीची पुरचुंडी ठेवा, सॅनिटायझर लावला की विषय संपला, मास्क फक्त आजारी माणसाने लावायचा, मुलांना बिनधास्त न्या त्यांची इम्युनिटी तयार होते, फ्लूची लस घेऊ नका तिनेच फ्लू होतो, आणि शेवटी जीबीएसच्या (गिया-बारे सिंड्रोम, यात हातापायातली ताकद जाते) पेशंटच्या आसपासही फिरकू नका.

मी पुण्यात नर्स आहे. पंधरा वर्षं झाली, सुरुवातीला मेडिकल वॉर्ड, आता इन्फेक्शन कंट्रोलचं काम बघते. आणि सध्या आमचे काका स्वतः अ‍ॅडमिट आहेत, केमो चालूये, संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी खूप खाली गेल्यात, आणि ज्या ग्रुपवर हा मेसेज फिरतोय त्याच ग्रुपवर रविवारी सगळ्यांनी मिळून काकांना भेटून यायचं ठरतंय. त्यामुळे एकेक मुद्दा घेऊन लिहितेय, जरा लांबेल, पण वाचा.

पहिला मुद्दा, "भेटायला येणाऱ्यांमुळे कुणाला काही होत नाही."

२०१५ ला दक्षिण कोरियात मर्सची साथ आली होती, कोरोनाच्याच घराण्यातला विषाणू. आखाती देशांतून परत आलेला एक ६८ वर्षांचा माणूस, निदान व्हायच्या आधी तीन-चार दवाखाने फिरला, आणि त्या एका माणसापासून सुरू होऊन १८६ जणांना लागण झाली, ३८ गेले. ही साथ बाजारात किंवा लोकलमध्ये नाही पसरली, जवळपास सगळी हॉस्पिटलांमध्येच पसरली. तिथेही आपल्यासारखंच आहे, पेशंटजवळ घरचं माणूस रात्रंदिवस बसणार, डबा आणणार, पाहुणे येऊन बघून जाणार. सोलच्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत एक पेशंट तीन दिवस होता, त्याच्यापासून ८२ जणांना लागण झाली. त्या ८२ मध्ये स्टाफ किती? ८. पेशंट ३३. आणि भेटायला किंवा सोबत म्हणून आलेले लोक ४१. म्हणजे निम्मे. आणि तो पेशंट सुद्धा मुळात दुसऱ्या हॉस्पिटलात अ‍ॅडमिट असताना, पहिला रुग्ण त्याच मजल्यावर होता म्हणून, लागण घेऊन आला होता.

लांबचं वाटत असेल तर केरळ बघा. २०१८ ची निपाह विषाणूची साथ. वटवाघळाकडून लागण झालेला पहिला रुग्ण एकच, त्याच्या पुढचे बहुतेक सगळे हॉस्पिटलात लागण झालेले, कोझिकोडच्या मेडिकल कॉलेजात तर स्कॅनसाठी बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये थांबलेल्या लोकांना सुद्धा. पेराम्ब्राच्या तालुका हॉस्पिटलमध्ये त्या पहिल्या रुग्णाची सेवा करणारी लिनी सिस्टर त्याच महिन्यात गेली, घरी दोन लहान मुलं होती तिला. आम्हा नर्सेसना ती तारीख पाठ आहे, २१ मे.

हे मोठे आजार झाले. पण रोजचं सांगायचं तर वॉर्डात मी काय बघते? माणूस येतो, बाहेर रिक्षाचे पैसे दिलेले हात, मोबाईल, दरवाजाचं हँडल, लिफ्टचं बटण, आणि तेच हात थेट पेशंटच्या कपाळावर. मग बेडवरच बसतो, स्टूल बाजूला रिकामं असताना. सलाईनची नळी जरा सरळ करतो, युरिनची पिशवी मध्ये येते म्हणून उचलून बेडवर ठेवतो (कृपा करून हे कधीच करू नका, पिशवी कंबरेच्या वर गेली की त्यातली लघवी उलटी आत जाते), पेशंटच्याच बाथरूमला जाऊन येतो, आणि मग "अरे तीन नंबरला आमच्या गावचे आहेत" म्हणून तीन नंबरच्या बेडवर जाऊन बसतो. मनात प्रेमच असतं, मला माहितीये. पण बेडच्या रेलिंगवर, लॉकरवर काही जंतू कोरड्यात सुद्धा कित्येक दिवस जगतात, त्यातले काही असे की बऱ्याचशा अँटिबायोटिक त्यांच्यावर चालतच नाहीत, आणि ते चालत जात नाहीत, हातावर बसून जातात.

आता "आत काय चाललंय ते कळू नये म्हणून" याबद्दल. हा राग मला समजतो, मनापासून सांगते. २०२० मध्ये लोकांनी आपली माणसं अँब्युलन्समध्ये चढताना शेवटची पाहिली, ते कुणी विसरलेलं नाही, आम्हीही नाही. भेटी कमी केल्या की हॉस्पिटलची जबाबदारी वाढते, रोज ठरलेल्या वेळेला डॉक्टरांनी फोन करायला हवा, व्हिडिओ कॉल लावून द्यायला हवा, माणूस शेवटच्या घटका मोजत असेल तर पूर्ण काळजी घेऊन घरच्या एकाला तरी आत सोडायलाच हवं. हे मिळत नसेल तर भांडा. लेखी मागा. पण त्यासाठी एका पासावर सहा जण आत घुसवणं हा उपाय नाही, त्याने डॉक्टर जास्त खरं बोलायला लागत नाहीत, फक्त शेजारच्या बेडवरच्या म्हातारीचा ताप वाढतो.

दुसरा, कापूर आणि वेलची. हा तर फार जुना मेसेज आहे, २००९ ला मी नर्सिंगला होते तेव्हा हाच सल्ला एसएमएसवर यायचा. ३ ऑगस्ट २००९ ला स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, चौदा वर्षांची मुलगी, आणि मग दोन दिवसात नायडू हॉस्पिटलबाहेर तपासणीसाठी रांगाच रांगा, शाळा-थिएटरं बंद, मास्क दुप्पट-तिप्पट भावाने, आणि ज्याच्या त्याच्या रुमालात कापराची पुरचुंडी. कापराने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, वाटतंच फक्त, थंडावा जाणवतो, हवा काही जास्त आत जात नाही. विषाणूला त्या वासाचं काहीच होत नाही. आणि एक गोष्ट या मेसेजमध्ये कधीच नसते, लहान मुलाने कापूर तोंडात टाकला तर थोडक्या कापराने सुद्धा झटके येऊ शकतात, आणि लवकर येतात. देवापुढे लावा, मुलांच्या गळ्यात बांधू नका.

सॅनिटायझरचं जरा नीट सांगते कारण इथे चांगले शिकलेले लोकही फसतात.

सॅनिटायझर वाईट नाहीये, उलट वॉर्डात आम्ही दिवसभर तोच वापरतो, ६० टक्क्यांच्या वर अल्कोहोल असलेला, तळहातभर घेऊन २०-३० सेकंद, बोटांच्या मध्ये, अंगठ्याला, नखांच्या टोकांना, आणि हात आपोआप कोरडे होईपर्यंत. दारातल्या बाटलीचा एक ठिपका घेऊन हात झटकणं म्हणजे लावणं नाही. पण साथ जर जुलाब-उलट्यांची असेल तर खेळ बदलतो. नोरोव्हायरस म्हणून एक असतो, हॉस्पिटलं आणि वृद्धाश्रमांमध्ये भराभर पसरणारा, त्याच्यावर सॅनिटायझर भरवशाचा नाही. आणि खूप अँटिबायोटिक घेतलेल्या पेशंटला क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाच्या जंतूने जुलाब होतात, त्याचे बीजाणू (म्हणजे टणक कवचातले जंतू) तर अल्कोहोलने मरतच नाहीत. तिथे साबण आणि वाहतं पाणीच लागतं, ४० ते ६० सेकंद, पुसण्यासकट, जंतू मारायचे नसून धुऊन घालवायचे असतात. म्हणून वॉर्डाच्या दारावर "साबणाने हात धुवा" असं लावलं असेल तर खिशातल्या बाटलीवर समाधान मानू नका.

आणि कधी? आत जाताना आणि बाहेर येताना, दोन्ही वेळेला. लोक बाहेर आल्यावर स्वतःसाठी हात धुतात, ते छानच, पण आत जाताना धुतलेले हात पेशंटसाठी असतात आणि तेच राहून जातं. ग्लोव्हजचंही तेच, एकाच ग्लोव्हजने रेलिंग, मोबाईल, डबा आणि पेशंटचं तोंड पुसणं म्हणजे घाणेरडे हात घेऊन फिरण्यासारखंच, फक्त आपल्याला ओलं लागत नाही म्हणून धुवायचं सुचत नाही. पाहुण्यांना बहुतेक वेळा ग्लोव्हज लागतच नाहीत.

"मास्क आजारी माणसाने लावायचा." फ्लू झालेला माणूस लक्षणं दिसायच्या साधारण एक दिवस आधीपासून दुसऱ्याला देऊ शकतो, म्हणजे तुम्ही ठणठणीत असताना सुद्धा, मग आजारी कोण ते ठरवणार कसं? साथ चालू असताना आत जाणाऱ्या प्रत्येकाने लावायचा, नाक झाकून. टीबी किंवा गोवर असलेल्या पेशंटकडे साधा मास्क पुरत नाही, तिथे एन-९५ लागतो, तो सिस्टरकडून मागून घ्या आणि कडेने हवा जात नाही ना ते बघा, दाट दाढी असेल तर तो नीट बसतच नाही. आणि सगळ्यात जास्त वेळा मी काय बघते तर पेशंटला नीट ऐकू येत नाही म्हणून लोक बोलताना मास्क खाली करतात आणि कानाजवळ तोंड नेतात. नेमकं तेव्हाच करू नका हो. मोठ्याने बोला, सावकाश बोला, वहीवर लिहून दाखवा.

आणि मास्क लावला म्हणजे सर्दी-खोकला असताना गेलं तरी चालेल असंही नाही. ताप, खोकला, घसा, जुलाब, डोळे आलेत, अंगावर पुरळ आहे, यातलं काहीही असेल तर जायचंच नाही. जुलाब-उलट्या थांबल्यानंतर सुद्धा ४८ तास जायचं नाही. हा एकच नियम पाळला तरी आमचं निम्मं काम हलकं होईल.

मुलांबद्दल वाचून मला खरंच काळजी वाटली. हॉस्पिटल ही इम्युनिटी मिळवायची जागा नाही. गोवराचा पेशंट खोलीतून निघून गेला तरी विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो, लस नसलेली दहा मुलं त्या हवेत आली तर नऊ जणांना होऊ शकतो, आणि अंगावर पुरळ यायच्या चार दिवस आधीपासून तो पसरत असतो. २०२२ च्या शेवटी गोवंडीत गोवराची साथ आली होती ते मुंबईकरांना आठवत असेल. आपल्याकडे गोवर-रुबेलाची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात, म्हणजे त्याच्या आतलं बाळ उघडंच असतं. उलट बाजूनेही तेच, बाळंतिणीकडे बाळ बघायला गेलं की प्रत्येकाला ते हातात घ्यायचं असतं, पापा घ्यायचा असतो, आणि मोठ्या माणसाची जी "साधी सर्दी" असते तीच आरएसव्ही (फुप्फुसांना त्रास देणारा विषाणू) निघाली तर दहा दिवसांच्या बाळाला श्वास घेता येत नाही, ऑक्सिजन लावावा लागतो. काचेतून बघा, फोटो मागवा, दीड-दोन महिन्यांनी घरी जाऊन हात धुऊन घ्या मांडीवर. आजीला कितीही वाईट वाटलं तरी.

लसीबद्दल फार लिहीत नाही. फ्लूच्या इंजेक्शनमधला विषाणू मेलेला असतो किंवा त्याचा नुसता तुकडा असतो, त्याने फ्लू होऊच शकत नाही. हात दुखतो, एखादा दिवस कणकण येते. संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, त्या दरम्यान आधीच लागलेला फ्लू बाहेर पडला की लोक म्हणतात लसीनेच झाला. ज्यांच्या घरात केमोचा, डायलिसिसचा किंवा ट्रान्सप्लांटचा पेशंट आहे त्यांनी तरी दरवर्षी घ्यावी, पेशंटच्या डॉक्टरांना विचारून त्यालाही.

आता शेवटचा, जीबीएस. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागात रुग्ण वाढले तेव्हा मी काय काय ऐकलं ते सांगून उपयोग नाही, पेशंट बरा होऊन घरी आला तरी शेजारी त्याच्याकडे यायला घाबरत होते. जीबीएस हा एकाचा दुसऱ्याला होणारा आजार नाही. आधी पोटाचा किंवा दुसरा कुठला संसर्ग होतो, त्यावेळी रुग्णांच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला होता आणि काहींमध्ये नोरोव्हायरस, आणि मग काही थोड्या लोकांमध्ये शरीराची स्वतःचीच संरक्षणव्यवस्था नसांवर (नर्व्हजवर) हल्ला करते, हातापायातली ताकद जाते. त्यांचा हात धरा, पाय चेपून द्या, जवळ बसा, त्याने तुम्हाला लकवा येणार नाही. काळजी घ्यायची ती पाण्याची, उकळून प्यायचं, चिकन नीट शिजवायचं, संडासला जाऊन आल्यावर साबणाने हात धुवायचे. पण त्यातला जो पेशंट आयसीयूत व्हेंटिलेटरवर असतो, ज्याला स्वतःचा खोकलासुद्धा बाहेर काढता येत नाही, त्याला तुमच्याकडून न्यूमोनिया नक्की लागू शकतो. म्हणजे या मेसेजने भीती घातली ती नेमकी उलट्या बाजूने.

काकांचंही तसंच आहे. त्यांच्याकडून कुणाला काही लागणार नाही, आपल्याकडून त्यांना लागू शकतं. रविवारी चौदा जण नको, मावशी आणि दादा असे दोघंच या, दोघांनाही सर्दी नाही ना ते शनिवारी रात्री मला फोन करून सांगा, हार-गुच्छ आणू नका, कापलेली फळं आणू नका, चपला-पर्स बेडवर ठेवू नका. बाकीच्यांना मी पाच वाजता त्यांच्या खोलीतून व्हिडिओ कॉल लावून देते, एकेकाशी बोलतील ते, तेवढं बोलायचं म्हणून दुपारी झोपून घेणार आहेत म्हणाले.