आखूड पॅडलबोर्ड आणि मुंबईच्या लाटा: व्हॉट्सॲपवरचं अर्धसत्य

पॅडलबोर्डवाल्यांमध्ये, म्हणजे बोर्डावर उभं राहून वल्हं मारणाऱ्यांमध्ये, एक सल्ला फिरतोय: ‘लाटांवर खेळायचं तर साडेदहा फुटी बोर्ड विकून टाका, आठ-साडेआठ फुटी घ्या. आखूड बोर्ड लाट चटकन पकडतो, हवा तसा वळतो, रुंद घेतला की तोलही जात नाही, लागला तरी कमी लागतो. शिवाय घरी न्यायला सोपा.’ यातलं वळण्याचं आणि घरी नेण्याचं खरं आहे. बाकीचं एकेक पाहू.

‘लाट चटकन पकडतो.’ उलट. लाट पकडायची म्हणजे आधी तिच्या वेगाच्या जवळ पोचायचं. लांब बोर्ड वल्ह्याच्या एका फटक्यात जास्त पुढे जातो, म्हणून लाट नुसता फुगवटा असतानाच तिच्यावर बसता येतं. आखूड बोर्डाला तो वेग मिळत नाही. त्याला लाट उभी राहीपर्यंत थांबावं लागतं, मग उतारच त्याला ढकलतो. आता जुहू किंवा गोराईचा किनारा आठवा. उतार इतका पसरट की ओहोटीला पाणी कुठच्या कुठे जातं. लाट साधारण तिच्या उंचीच्या सव्वापट खोलीवर फुटते, आणि उतार असा मंद असला की ती भिंतीसारखी उभी न राहता माथ्यावरून फेस सांडत येते. आखूड बोर्डवाला वल्हं मारत राहतो, लाट खालून निघून जाते. फेसाचा धक्का घेता येतो, पण फेस सरळ किनाऱ्याकडे नेतो. तिथे वळणार कशावर?

‘रुंद घेतला की तोल जात नाही.’ हे अर्धं बरोबर आहे, आणि घोळ या अर्ध्यातच आहे. आडवा तोल लांबीच्या पटीत वाढतो, पण रुंदीच्या घनाच्या पटीत. आकार सारखाच धरला तर साडेदहा फूट बाय 30 इंच आणि साडेआठ फूट बाय 32 इंच या दोन बोर्डांचा आडवा तोल जवळजवळ सारखा येतो. दोन इंच रुंदीने दोन फूट लांबी भरून काढली! पण पुढे-मागे तोलाचं गणित उलटं: तिथे घन लांबीचा. त्या हिशेबात आखूड बोर्ड लांब बोर्डाच्या निम्म्याच्या जरा वर, 57 टक्क्यांवर उरतो. म्हणून साडेआठ फुटीवरून पडणारे नुसते बाजूलाच पडत नाहीत. नाक बुडतं आणि तोंडावर जातात, नाहीतर शेपूट बसते आणि पाठीवर. पाय शेजारी-शेजारी ठेवून इथे भागत नाही. एक पाय वीतभर पुढे, गुडघे सैल, आणि थांबलेले असाल तेव्हाही वल्ह्याचं पातं पाण्यात. दुपारी खारा वारा सुटला की बारीक खळबळ बोर्ड पुढे-मागेही हलवते. मतलई वारा असताना, सकाळीच, उतरलेलं बरं.

त्या सल्ल्यात लिटरचा, म्हणजे बोर्डाच्या आकारमानाचा, विषय येतच नाही, आणि बोर्ड निवडताना पहिला आकडा तोच. समजा तुमचं वजन 80 किलो, बोर्ड 8, वल्हं, लीश (पायाला बोर्ड बांधायची दोरी) आणि ओले कपडे 2, एकूण 90. समुद्राचं एक लिटर पाणी साधारण 1.025 किलो उचलतं. म्हणजे 95 लिटरचा बोर्ड 97 किलो तोलणार, शिल्लक जेमतेम 7. थांबलात की बोर्डाचा वरचा पृष्ठभाग पाण्याच्या पातळीला आणि पाणी पायांवर. 120 लिटरला हीच शिल्लक 33 किलो होते. ढोबळ अंदाज असा: लाटांत नवखा असाल तर वजनाच्या पावणेदोन ते दोनपट लिटर, हात बसल्यावर दीडपट. त्याखाली जाणं हा मुरलेल्यांचा खेळ. तेव्हा आधी लिटर, मग रुंदी, आणि लांबी सगळ्यात शेवटी.

‘हवा तसा वळतो.’ वळतो, कारण नाकाचं वजन कमी फिरवावं लागतं. पण तो वल्ह्याच्या प्रत्येक फटक्यालाही वळतो. दांडा उभा धरा, फटका आखूड ठेवा आणि पातं पायाच्या रेषेत आलं की बाहेर काढा. मागे ओढलंत की नाक दुसरीकडे गेलंच. वल्हंही उंचीपेक्षा चारेक इंच लांब पुरे. शिवाय लांब बोर्ड वळत नाही म्हणून तो विकण्याआधी फिन (बोर्डाच्या तळाचा पर) बदलून पाहा. मधली 9 इंची काढून 6-7 इंची लावा, बाजूला दोन छोट्या, आणि वळताना मागचा पाय शेपटीवर न्या. फरक लगेच कळतो. पोटरीभर पाण्यात मोठी फिन वाळूत रुतते, तेही टळतं.

‘लागला तरी कमी लागतो.’ बोर्ड आणि लीश मिळून पाच मीटरचा पसारा होतो, आणि फेसात सुटलेला आठ फुटी बोर्डही डोकं फोडू शकतो. रविवारी जुहूला पोहणाऱ्यांच्या गर्दीत कुठलाच बोर्ड नको. लीश बोर्डाइतकी लांब आणि सरळ हवी. स्प्रिंगसारखी वळ्यांची लीश सपाट पाण्यासाठी, लाटेत ती बोर्ड तुमच्याच अंगावर परत फेकते. जून ते सप्टेंबर ‘आता खऱ्या लाटा’ म्हणून अक्सासारख्या धोकादायक किनाऱ्यावर उतरणं तर सोडाच. तिथे बोर्डाच्या लांबीचा प्रश्नच उरत नाही.

आणि घरी नेण्याचं? आठ फुटी बोर्डही बऱ्याच लिफ्टमध्ये तिरका घालावा लागतो. हवेचा बोर्ड घडी होऊन बॅगेत जातो, पण सहा इंच जाड आणि कडा गोल, म्हणून लाटेच्या उतारावर तो पकड न घेता आडवा घसरतो. त्यात हवेचा दाब 15 पीएसआयपेक्षा कमी असेल तर मध्ये वाकतो.

जुना आखूड बोर्ड घेताना आधी शांत पाण्यात नेऊन उभे राहा, वल्हं पाण्याबाहेर धरा आणि तीस आकडे मोजा. दहाच्या आत पडलात तर आणखी वीसेक लिटर जास्त असलेला मागा.