वर ढग आहेत, एवढं सांगायला काय जातं?

केबल कारच्या तिकिटाच्या खिडकीत बसलेल्या माणसाला माहीत होतं. परत येऊन चार दिवस झाले, तरी हे डोक्यातून जात नाहीये. त्याला माहीत होतं आणि त्याने सांगितलं नाही.

मी स्वतः विचारलं होतं. पैसे काढायच्या आधी, नीट थांबून. "वर कसंय? दिसतंय का सगळं?" तो म्हणाला, "छान, एकदम छान," आणि तिकिटं पुढे सरकवली. तेव्हा १० वाजून ४० मिनिटं झाली होती. पायथ्याच्या स्टेशनावरून माथा दिसत नाही, डोंगराची एक सोंड आडवी येते. म्हणजे आपण मान वर करून स्वतः बघावं तर तीही सोय नाही. त्या माणसाच्या शब्दावरच विश्वास ठेवायचा. ठेवला.

सोबत आई होती. तिचं वय ७३. दोन्ही गुडघे गेलेले. जंगलाने भरलेल्या डोंगरमाथ्यावरून खाली समुद्र आणि बेटं बघायची हे तिचं फार जुनं स्वप्न. पायांनी ते आता होणारच नाही, केबल कार हा एकच मार्ग. धडधाकट माणसाला हा फेरफटका असेल, पण जिला चार पायऱ्या चढवत नाहीत तिच्यासाठी ती केबल कार म्हणजेच डोंगर असतो. म्हणून मला एवढं लागलंय. कुणाला वाटेल एका सहलीचं काय एवढं मनाला लावून घ्यायचं, तर त्याने आधी तिचे गुडघे बघावेत.

रांग. लोखंडी रेलिंगची नागमोडी रांग, एकदा आत शिरलात की बाहेर पडायला वाट नाही. पत्रा फक्त पुढच्या अर्ध्या भागावर. मागचे सगळे उन्हात, आणि विषुववृत्ताजवळचं ऊन म्हणजे हवेतच पाणी, घाम वाळतच नाही. बसायला एकही बाक नाही. आई आधी रेलिंगला टेकली, मग सिमेंटच्या कट्ट्याच्या कडेवर बसली, रांग सरकली की उठायची, पुन्हा जागा शोधायची. मी तिथल्या मुलाला म्हटलं, यांना पुढे सावलीत बसू दे, मी रांगेत उभी राहते. तो म्हणाला, दोघींनी रांगेतच राहायचं.

आणि शेजारून जादा पैसे भरणाऱ्यांची दुसरी रांग सरसर पुढे जात होती.

मी घड्याळ लावून मोजलं, दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. दर २४ सेकंदांना एक डबा येत होता. म्हणजे तासाला १५० डबे. एका डब्यात सहा जागा, म्हणजे खच्चून भरले तरी तासाला ९०० माणसं. त्यातला दर तिसरा डबा त्या दुसऱ्या रांगेला. उरले ६०० जण. हा हिशोब शाळेतल्या पोराला जमतो, आणि ही यंत्रणा चालवणाऱ्यांना तर डबे किती, दोराचा वेग किती, हे तोंडपाठ असणार. मग पुढे किती माणसं उभी आहेत हे दिसत असताना तिकिटांवर वेळ का छापत नाही? "तुमचा नंबर १ वाजता, तोवर सावलीत बसा," हे का सांगत नाही? कारण वेळ छापली की माणूस विचार करतो, नको म्हणतो, निघून जातो. रेलिंगच्या आत घेतला की कुठे जाणार?

दोन तास चाळीस मिनिटं. आईचे पाय सुजले होते.

दारापाशी तिकीट फाडणाऱ्या मुलाला मी पुन्हा विचारलं, वर कसं आहे. त्याने माझ्याकडे बघितलंच नाही. हाताने डब्याकडे ढकलल्यासारखं केलं, "चला, चला." डबा थांबत नाही, हे ठीक, ती त्या यंत्राची रीतच आहे. स्टेशनात डब्याची पकड दोरावरून सुटते, डबा रांगत पुढे सरकतो, तेवढ्यात चढायचं, मग पकड पुन्हा दोर धरते आणि डबा सेकंदाला पाच-सहा मीटर वेगाने झेपावतो. पण ज्याचे गुडघे दुखतात त्याच्यासाठी ती रांगणारी गतीसुद्धा पळण्यासारखी असते. क्षणभर हाताला धरणारं कुणी नको? मीच तिला कमरेला धरून आत लोटलं.

डब्याला चारी बाजूंनी काच आणि वर दोन अरुंद झडपा. अशा डब्यांत बहुतेक ठिकाणी पंखासुद्धा नसतो, कारण दोराला लटकणाऱ्या डब्यापर्यंत वीज नेलेलीच नसते. दुपारी सव्वाच्या उन्हात ती काचेची भट्टीच. तरी पहिली सात-आठ मिनिटं मी कधी विसरणार नाही, हेही सांगते. खाली झाडांचे शेंडे असे दाटीने लागलेले की जमीन कुठेच दिसत नव्हती. मोठ्या झाडांच्या खांद्यांवर नेच्यांचे झुबके, मधेच एक पांढरीशुभ्र साल असलेला सरळसोट बुंधा, आणि एका खांबाजवळ आमच्या पायाखालून उडत गेलेला पक्षी. पक्ष्याची पाठ वरून दिसते, असं आयुष्यात किती वेळा होतं? आई काचेला कपाळ टेकवून बघत होती. घाम, पाय, सगळं विसरली होती.

मग तिसऱ्या खांबानंतर काच पांढरी झाली. पुढचा डबा दिसेना. मग दोरही दिसेना.

वर गेलो तर गोल सज्जा, ओला कठडा, आणि कठड्यावर एक पितळी पाटी. तिच्यावर बाण कोरलेले, प्रत्येक बाणापुढे एका बेटाचं नाव आणि अंतर. आईने त्या पाटीवरचं पाणी तळहाताने पुसलं आणि एकेका बाणावरून बोट फिरवत नावं वाचली. बाणाच्या टोकापुढे हातभर अंतरावर पांढरी भिंत. ती बाणाच्या दिशेला बघायची, थोडी थांबायची, मग पुढचा बाण. असे सहा बाण. मला तिथे उभं राहवेना.

आता कुणीतरी म्हणेल, अहो निसर्ग आहे, ढग काय विचारून येतात? हे वाक्य मला त्या दिवशी तिथेच दोघांनी ऐकवलं. मला ढगांचा राग नाही. उष्ण प्रदेशातल्या डोंगरमाथ्यांचं जंगल ढगांवरच जगतं. शेवाळाने माखलेली बुटकी झाडं, फांद्यांवरची ऑर्किड, पानांवरून ठिबकत राहणारं पाणी, ते सगळं ढगांनी दिलेलं असतं. पण ढग विचारून येत नसले तरी वेळ पाळून येतात. समुद्रावरची दमट हवा दिवस चढला की उतारावर चढायला लागते, वर जाताना थंड होते आणि एका ठरावीक उंचीवर तिचा ढग होतो. ती उंची काढायचा साधा हिशोब आहे. हवेचं तापमान आणि दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं, यांतला फरक घ्या आणि १२५ ने गुणा, साधारण तितक्या मीटरवर ढगांचा तळ. खाली ३१ अंश आणि दवबिंदू २५ असेल तर ७५० मीटर. किनाऱ्यालगतचे कितीतरी डोंगर नेमके तेवढेच उंच असतात! म्हणून सकाळी माथा मोकळा आणि दुपारी झाकलेला, हे तिथे वर्षातल्या कितीतरी दिवशी घडतं. मला हे परत येऊन वाचावं लागलं. त्यांच्या डोळ्यांदेखत ते रोज घडतं. तरी सकाळची वेळ चांगली, दुपारी भरवसा नाही, एवढं एक वाक्य कुठे लिहिलेलं नव्हतं. जाहिरातीत मात्र निळं आकाश आणि निळा समुद्र.

"वर ढग आहेत." तीन शब्द. ज्याला तरीही जायचंय तो जाईल. मीही कदाचित गेले असते, पण आईला रांगेत ताटकळवलं नसतं, दुसऱ्या दिवशी पहिल्या डब्याला आले असते, निदान तिचा स्वेटर तरी सोबत घेतला असता. वर वाऱ्यात ती कुडकुडत होती आणि तिचा स्वेटर खोलीवर होता.

हे अवघड आहे असं मला सांगू नका. आल्प्समधल्या कितीतरी स्टेशनांवर तिकिटाच्या खिडकीशेजारी माथ्यावरच्या कॅमेऱ्याचं चित्र सतत चालू असतं. लोक बघतात, ठरवतात. ब्राझीलमध्ये रिओच्या शुगरलोफ डोंगराची केबल कार १९१२ मध्ये सुरू झाली, म्हणजे शंभराहून अधिक वर्षांचा अनुभव या धंद्याच्या गाठीशी आहे. ऑस्ट्रेलियात कुरांडाच्या जंगलावरून साडेसात किलोमीटरची केबल कार १९९५ मध्ये सुरू झाली, तेव्हा झाडं तुटू नयेत म्हणून खांब हेलिकॉप्टरने आणून उभे केले. व्हिएतनाममध्ये बा ना डोंगरावर २०१३ साली ५.८ किलोमीटरचा मार्ग उभा राहिला, दोन टोकांच्या उंचीत १३६८ मीटरचा फरक. माणसं एवढं करू शकतात. मग एक कॅमेरा आणि एक फळा जमत नाही, हे मी कसं मानू?

आणि कॅमेरा नव्हताच असंही नाही. तेच सांगायचंय.

त्याआधी परतीचं सांगते, थोडक्यात. गडगडायला लागलं आणि केबल कार थांबली. त्याबद्दल माझी एका शब्दाने तक्रार नाही. वीज चमकत असताना, वारा सुटला असताना थांबवलीच पाहिजे, तासभर थांबवा. पण पन्नास मिनिटं कुणी येऊन सांगितलं नाही की का थांबलीय आणि किती वेळ लागेल. भोंग्यातून काहीतरी खरखर आली, एकालाही कळली नाही. लहान मुलं रडत होती. एका माणसाने मोठ्याने विचारलं की दोर तुटलाय का, आणि त्याला उत्तर द्यायलासुद्धा तिथे कुणी नव्हतं. आई पायऱ्यांवर बसली होती, ओल्या पायऱ्यांवर.

शेवटी खाली आलो. डबा स्टेशनात शिरताना डाव्या हाताला यंत्रणेची खोली लागते, तिला मोठी काच आहे. आत टेबलावर स्क्रीन, स्क्रीनवर चार चौकटी. एकीत खालची रांग, दोन चौकटींत खांब, आणि चौथीत तो गोल सज्जा, कठडा, आणि त्यामागे पांढरं. मी डबा सरकत असेपर्यंत बघत राहिले. बाहेर पडताना मुद्दाम तिकिटाच्या खिडकीवरून गेले. तिथेही तीच स्क्रीन, तोंड आतल्या बाजूला. तिच्या उजेडात बसून तो माणूस पुढच्या कुटुंबाला तिकिटं देत होता, आणि त्या बाईने काहीतरी विचारल्यावर त्याने मान डोलावली. मी त्या बाईला थांबवलं आणि सांगितलं, वर काही दिसत नाही, दोन-तीन तास जातील. तिने माझे आभार मानले आणि पोरांना घेऊन निघून गेली. खिडकीतला माणूस माझ्यावर ओरडला. ओरडू दे.

पैसे परत मागितले. तिकिटाच्या मागे बारीक अक्षरांत छापलेलं दाखवलं, हवामानामुळे परतावा नाही. हवामानामुळे नकोच होता मला. खोटं बोलल्यामुळे हवा होता. त्याबद्दल तिकिटामागे काही छापलेलं नाही.

आणि बाहेर पडायच्या वाटेत फोटोचं दुकान, तिथून गेल्याशिवाय बाहेर जाताच येत नाही. वर जाण्याआधी एका हिरव्या कापडापुढे उभं करून आमचा फोटो काढला होता, मी नको म्हणत असतानाही. आता तो छापून तयार होता. आम्ही दोघी, घामाघूम, आणि मागे हिरवं कापड काढून चिकटवलेला लखलखीत निळा समुद्र, त्यात बेटं. आईने तो हातात घेतला, चष्मा वर सरकवला, जवळ धरला आणि मला विचारलं, "पाटीवरची बेटं हीच का गं?"

मी काय सांगू तिला? जे दाखवायला पैसे घेतले ते दाखवलं नाही, आणि त्याचंच चित्र आमच्या मागे चिकटवून पुन्हा विकायला काढलं. फोटो मी तिथेच ठेवला. आता कधीकधी वाटतं, तिच्यासाठी घ्यायला हवा होता, आणि असं वाटलं की आणखीनच चीड येते.

नवं काही उभारू नका. काचेचा पूल नको, आणखी एक स्टेशन नको. चार बाक ठेवा आणि तिकिटावर वेळ छापा. आणि ती स्क्रीन जिथे आहे तिथेच राहू द्या, फक्त तिचं तोंड रांगेकडे फिरवा.