पाचशे कमी करा, भाऊ

आमच्या गाडीचा हॉर्न हँडल उजवीकडे वळवल्याशिवाय वाजत नाही, हे मी गिऱ्हाइकाला सांगायला नको होतं. बायकोचं मत स्पष्ट आहे: "तुम्ही तंबाखू-सुपारीचा खर्रा खात असता तर बरं झालं असतं. तोंड भरलेलं राहिलं असतं."

गाडी म्हणजे हिरो होंडा स्प्लेंडर. २००५च्या दसऱ्याला घेतली. दसऱ्याला नागपुरात नवी गाडी खुशाल घ्यावी, पण दीक्षाभूमीच्या बाजूने घरी आणू नये, ही अक्कल तेव्हा नव्हती. लाखोंच्या गर्दीतून पहिल्या गिअरमध्ये, दोन्ही पाय जमिनीला घासत, मी दीड तासाने प्रतापनगरला पोचलो. वाटेत कुणीतरी प्रेमाने पुरीभाजीचा द्रोण हातात दिला. तो टाकीवर ठेवून खाल्ला. गाडीवर तेलाचा पहिला डाग पडला तो असा.

२०१०मध्ये टाकीवरच्या दोन नावांनी फारकत घ्यायचं ठरवलं, तरी आमची गाडी दोन्ही नावं मिरवत राहिली. वर्धा रोडवर आधी नुसता रस्ता होता, मग खांब आले, मग रस्त्यावर पूल आणि पुलावर मेट्रो असा ३.१४ किलोमीटरचा दुमजली कारभार उभा राहिला. खांब उभे होईस्तोवर त्या धुळीतून आम्ही दोघं रोज गेलो. माझ्या छातीचा एक्स-रे काढला, तिचा एअर फिल्टर बदलला. डॉक्टर आणि मिस्त्री दोघंही "जपा" म्हणाले.

२०२०मध्ये पंधरा वर्षांचं रजिस्ट्रेशन संपलं, तेव्हा पाच वर्षं वाढवून घेतलं होतं. २०२५च्या उन्हाळ्यात मेहुण्याने हिशेब मांडला. "हायसिक्युरिटी नंबरप्लेट साडेचारशे अधिक जीएसटी. दसऱ्याला पुन्हा पासिंग. वरून पर्यावरण कर. भाऊजी, आता या गाडीत नंबरप्लेटच सगळ्यात महागडा पार्ट राहणार."

शोरूमवाल्याने एक्सचेंजमध्ये सात हजार सांगितले. सांगताना गाडीकडे पाहिलंसुद्धा नाही, कॅल्क्युलेटरकडे पाहिलं. मी बाणेदारपणे म्हणालो, बाहेर विकीन.

हिंगण्याकडचा एक दूधवाला पोरगा आला. मे महिना, दुपारचे चार, पारा पंचेचाळीसच्या आसपास. सीटवर ओला दुपट्टा टाकून तो बसला, तिथेच मला तो आवडला. त्रिमूर्तीनगरपर्यंत चक्कर मारून आला, इंजिनाला कान लावला आणि म्हणाला, "इंजिन खुललं नाही वाटते?"

"एकदाही नाही."

"पंधरा हजार देतो. फायनल."

इथे व्यवहार संपला होता. मी हात पुढे करायचा, किल्ली द्यायची, आत जाऊन पंख्याखाली बसायचं. पण माझ्या मनात आलं, उद्या पहाटे पाच वाजता हा पोरगा दुधाच्या कॅना लटकवून किक मारत बसेल आणि माझ्या गाडीला शिव्या देईल. मला शिव्या दिल्या तर चालतं.

"हे बघ," मी म्हणालो, "सकाळी चोक अर्धाच ओढायचा. आणि आधी डावीकडे जरा कलती करायची. तिला तसं लागतं."

"काऊन?"

"पेट्रोल उतरते."

तो क्षणभर थांबला. "मग पाचशे कमी करा, भाऊ."

केले. आता तरी गप्प बसावं की नाही? पण हॉर्नचं सांगितलं नसतं आणि पोराला काही झालं असतं तर? वीस वर्षं मी उजव्या वळणावर हॉर्न वाजवतो आहे. डावीकडे वळताना "ओ ताई, ओ काका" असं तोंडाने. यात कंपनीचा काही दोष नाही, हँडलखालची वायर मीच कधी बदलून घेतली नाही. "फक्त उजवीकडे?" त्याने करून पाहिलं. वाजला. सरळ केलं, बंद. चौदा हजार.

न्यूट्रल पहिल्यातून सहज सापडत नाही, टाचेने अगदी हळू मागावं लागतं. साडेतेरा. काटा २०११पासून अर्ध्यावरच आहे, गाडी हलवून टाकीचा आवाज ऐकायचा. तो आवाज कसा हेही मी तोंडाने काढून दाखवलं. तेरा. पावसाळ्यात नरेंद्रनगरच्या पुलाखाली पाणी साचलं की तिथून गाडी काढू नको, काढलीच तर प्लगची टोपी पुसायला साइड-बॉक्समध्ये फडकं आहे. फडकं फुकट. साडेबारा.

एव्हाना पोरगा भाव करतच नव्हता. मी बोलायचो, तो नुसती बोटं मोजायचा. तेवढ्यात बायको पन्हं घेऊन आली आणि सहज म्हणाली, "ते चढावर आपोआप गिअर निसटतो ते सांगितलं का?"

बारा हजार. मी मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या केल्या. तो म्हणाला, "नाव पुढच्या हप्त्यात चढवून घेतो ना भाऊ, काय टेन्शन घेऊन राहिले." गल्लीच्या तोंडाशी वळताना त्याने हॉर्न वाजवला. उजवं वळण होतं.

नवी गाडी एकशेसाठ सीसीची आहे. तिला किकच नाही, त्यामुळे सकाळी माझा उजवा पाय हवेत काहीतरी शोधतो आणि शेजारचे काका विचारतात, गुडघा दुखतो का. जुन्या गाडीचे चारही गिअर पुढे दाबायचे. हिचा पहिला खाली, बाकीचे वर. वीस वर्षांच्या सवयीने व्हरायटी चौकात चौथा टाकायला मी जोरात खाली दाबलं. गाडीने असा झटका दिला की मागे बसलेल्या बायकोचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर आपटलं. त्यानंतर घरी पोचेपर्यंत तिने सीटमागची दांडी सोडली नाही आणि माझ्याशी बोललीही नाही.

साइड-स्टँड खाली असेल तर गिअर टाकताच इंजिन बंद होतं. हे कळेस्तोवर मी दोनदा मेकॅनिक बोलावला. आणि तो हेडलाइट! २०१७पासून नव्या दुचाकींचा दिवा बंदच होत नाही, तसा नियमच आहे. पण नागपूरकर परोपकारी. प्रतापनगर ते शंकरनगर चौक एवढ्या अंतरात अकरा जणांनी पंजा उघड-मीट करून "लाइट, लाइट!" सांगितलं. सुरुवातीला मी नियम समजावायचो. आता हात जोडतो आणि पुढे जातो.

काटा मात्र हिचा बरोबर आहे. अजून किती किलोमीटर जाईल तेही दाखवतो. तरी पंपावर जाण्याआधी मी एकदा गाडी हलवून टाकीला कान लावतो. पंपावरच्या मुलीला सवय झाली आहे.

परवा मोबाइलवर ई-चलान आलं. हेल्मेट नाही, दंड पाचशे. मी तर हेल्मेटशिवाय अंगणातही गाडी फिरवत नाही. नंबर पाहिला: जुना, एमएच ३१. पोराने नाव चढवलंच नव्हतं. मेहुणा म्हणाला, "मी सांगितलं होतं भाऊजी, तारीख टाकून आरटीओत कळवा."

चलानचा फोटो बघायला चॅसिस नंबरचे शेवटचे चार आकडे लागतात. ते मला पाठ होते. फोटो उघडला. दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅना, सीटला नवं लाल कव्हर, आरशाला गोंडा. पोरगा चौकातून वळत होता. मी दोन बोटांनी फोटो मोठा केला. हँडल उजवीकडे होतं आणि त्याचा डावा अंगठा बरोबर हॉर्नच्या बटणावर.

"त्याला फोन करा आणि पैसे मागा," बायको म्हणाली.

मी फोन केला. उचलताच तो म्हणाला, "बरं झालं भाऊ, तुमचाच फोन लावून रायलो होतो. ते टाकीचा आवाज कसा येते म्हणाले होते, परत एकदा काढून दाखवा ना."